वधूवर मेळाव्यातले अकराशे एकोणसाठ प्रश्न

कुवेंपुनगर, म्हैसूर

तीर्थरूप येसाजीकाकांना,

यशस्विनीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंच्या चकल्या पोचल्या. बाबांनी डबा कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली आहे (दुसरी किल्ली कुठे असते ते आईला ठाऊक आहे). बाकी सगळे खुशाल. माझ्या मराठीत मध्येच कन्नड शिरलं तर रागावू नका. शिमोग्यात तुमचंही तेच झालंय असं काकू म्हणतात.

पत्राला कारण परवाचा वधूवर मेळावा. आपल्या मंडळींच्या स्थळांची वही गेली तीस वर्षं गोदावरीबाई सांभाळतात. ती मी यंदा वेबसाइटवर चढवली: तीनशे शहाऐंशी मुलंमुली, प्रत्येकाचं घराणं, आजोळ, फोटो. गोदावरीबाईंनी आधीच बजावलं होतं की मेळाव्यात हे चाललं तर वही कपाटात, नाहीतर वेबसाइट कपाटात.

आता थोडं माझ्या कामाचं. ही सगळी माहिती डेटाबेसात तक्ते करून ठेवलेली असते, आणि त्याला काही विचारायचं तर त्याच्याच भाषेत विचारावं लागतं. ते किचकट काम टाळायला ओआरएम नावाची एक तयार सोय मिळते. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये नुसतं ‘हिचं आजोळ’ एवढंच मागायचं. डेटाबेसाला विचारायचा प्रश्न ती आपली आपण तयार करते. मला ती इतकी आवडली, की ती पाठीमागे नेमकं काय विचारते हे मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. घरी बारा नावं घालून बघितलं होतं तेव्हा पान झटकन उघडलं होतं, मत्ते, म्हणजे आणखी, काय पाहिजे?

रविवारी सकाळी विजयनगरच्या सभागृहात अडीचशे माणसं. मी बटण दाबलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. एक मिनिट झालं, दोन झाली. बाबांनी (माईक दुर्दैवाने त्यांच्याच हातात होता) आपल्या पूर्वजांनी म्हैसूरच्या फौजेत काय काय केलं ते सांगायला घेतलं. ते श्रीरंगपट्टणापर्यंत पोचले तरी चक्र फिरतंच आहे. मागच्या रांगा उठून उप्पिट्टाकडे निघाल्या. गोदावरीबाईंनी पिशवीतून वही काढून मांडीवर ठेवली. उघडली नाही, नुसती ठेवली. काका, मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात प्रणेश पुढे आला. (शरतदादाचा मित्र. प्रोजेक्टर त्याचा, म्हणून आलेला. एका बँकेचा डेटाबेस सांभाळतो. राहायला जयलक्ष्मीपुरम. त्यांच्या घरीही मराठीच बोलतात, पण बिनलसणीची, ब्राह्मणी.) “स्वल्प ताळी,” म्हणजे थोडं थांबा, असं सगळ्यांना सांगून त्याने डेटाबेसाला जाणारे प्रश्नच पडद्यावर लावले. ओळींवर ओळी धावायला लागल्या. गोदावरीबाई चष्मा वर करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “काय गे यशू, ही ओळ नि ती ओळ एकच की! शेवटचा आकडा तेवढा बदलतोय. एकेकाचं वेगळं कशाला विचारायचं? सगळ्यांचं एकदम विचार की!”

प्रणेशने त्यांना तिथल्या तिथे हात जोडले. अगदी तेच झालं होतं. यादीचा एक प्रश्न, मग प्रत्येक नावामागे घराणं, आजोळ, फोटो असे तीन, मिळून अकराशे एकोणसाठ. प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर आणि डेटाबेस अमेरिकेत, म्हणजे तितक्याच खेपा! ओआरएमला तरी काय बोलणार? मी एकेक मागितलं, तिने एकेक आणलं. सगळं एकदम आण, हे तिला एका ओळीत सांगता येतं. प्रणेशने शेजारी बसून ती ओळ समजावली, मी लिहिली, आणि चार मिनिटं लागणारं पान एका सेकंदात उघडलं. टाळ्या गोदावरीबाईंना मिळाल्या, आणि त्या त्यांच्याच होत्या. वही त्यांनी सर्वांसमक्ष माझ्या हातात दिली (शेवटची दहा पानं काढून घेऊन, तिथे लोणच्यांच्या कृती आहेत).

तीन लग्नं ठरण्याच्या बेतात आहेत. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
यशस्विनी

ता. क. उत्साहाच्या भरात घरी येऊन मी एक बारीकसं काम केलं. बाबांनी यादीत माझंही नाव घातलं होतं, ते खोडलं. पण एखाद्याला काढलं की त्याला जोडलेलंही काढून टाक, असं मीच ओआरएमला केव्हातरी सांगून ठेवलं होतं. तिने माझ्यामागे आपलं घराणं काढलं, आणि घराण्यामागे त्याच्याखाली नोंदवलेली सगळी माणसं. तुम्हीसुद्धा सध्या नाही आहात. वहीत फक्त लग्नाची नावं. पणजोबांपासूनची एकेचाळीस माणसं तुम्हालाच पाठ. तेवढी जन्मतारखांसकट लगेच पाठवा. बाबा शनिवारी बघणार आहेत.

आणखी एक. बॅकअप घेतला नव्हतास का, असं तुम्ही विचाराल. आहे. मेळाव्यातच प्रणेशने एक प्रत स्वतःकडे उतरवून घेतली होती. मागितली तर तो दोन मिनिटांत देईल. पण स्वतःचं नाव का खोडलंस, असंही विचारील, आणि ते त्याला सांगायला मला अजून आठवडाभर तरी लागेल.