पहिल्या हाकेला हजर

२ जुलै, बुधवार
नववीवर पहिला तास. आधीच्या कोरपन्याच्या शाळेत दरवर्षी करायचे तेच इथेही केलं. गणित नंतर, आधी वर्गाचे नियम. घंटेच्या आत वर्गात. कंपासपेटी रोज. उदाहरण चुकलं तर चालेल, दुसऱ्याचं उतरवलेलं चालणार नाही. न विचारता बाहेर जायचं नाही. आणि हजेरीला पहिल्याच हाकेला ‘हजर’.
मुकाट लिहून घेतलं सगळ्यांनी. मग हजेरी घ्यायला लागले तर कोणी ओच देईना. नाव घेतलं की गप्प. परत घेतलं की ‘हजर मॅडम’. एकूण एक पोरगं तसंच. नवी मॅडम म्हणून मजा घेतायत वाटलं. पण हसत कोणीच नव्हतं.

४ जुलै, शुक्रवार
मु.अ. सरांच्या कानावर घातलं. म्हणाले, “मी तं नावच दोनदा घेतो, मॅडम.”
“काऊन सर?”
“पहिलेपासून तसंच आहे इथी.” चहा संपवून उठलेच.
मराठीचे सरही तेच करतात. शेजारच्या वर्गातून ऐकू येतं, प्रत्येक नाव जोडीनं.
खोली बरी मिळाली. रुखमाबाईंच्या घरात पुढची. मागे नाला, नाल्यापलीकडे लगेच जंगल. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. ह्यांना फोन लावून सांगितलं तर हसले. “तुझ्या आवाजाले भेत असतील पोरं.”

९ जुलै, बुधवार
आज ठरवूनच गेले. पहिल्या हाकेला उत्तर नाही तर गैरहजर. आणि हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही, हेही सांगितलं. (इतकं कडक बोलायला नको होतं का? पण नियम म्हणजे नियम.)
एकेक नाव घेत गेले, फुली मारत गेले. अख्खा वर्ग समोर बसलेला आणि अख्खा वर्ग गैरहजर. फक्त मैनीनं दिलं उत्तर. वसतिगृहात राहणारी, पुढच्या बाकावरची. बीजगणितात हुशार, तिला पुढे शिकायचंय. उभी राहिली. “हजर मॅडम.”
मी म्हटलं, शाबास. बाकीच्यांनी मैनीकडून शिका.
बाजूला बसणारी सुनंदा जरा सरकून बसली. मैनीपासून लांब.
आज संच शिकवत होते. उपस्थित मुलांचा संच काढा म्हटलं असतं तर त्यात एकच घटक.

१५ जुलै, मंगळवार
मैनी रोज पहिल्या हाकेला. बाकीचे नाही. मी फुल्या मारणं सोडलेलं नाही, तेही गप्प राहणं सोडत नाहीत.
आज रिक्त संच समजावत होते. फळ्याकडे तोंड. मागून मैनी मोठ्यानं, “हजर मॅडम!”
वळून बघितलं. उभी होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती. मागच्या दाराकडे.
“मैनी, मी कुठे तुझं नाव घेतलं?”
“घेतलं ना मॅडम. आत्ता.”
“कोणी दुसऱ्यानं घेतलं असेल.”
“नाई. तुमचाच आवाज होता.”
वर्गात एकही पोरगं हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

१८ जुलै, शुक्रवार
परत तसंच. या वेळी मराठीच्या तासाला. सर सांगत होते, मैनी मध्येच उभी राहून ‘हजर मॅडम’ म्हणाली. सरांनीच मला विचारलं, “तुमी तं दहावीवर होत्या ना तेव्हा?”
हो. दहावीवरच होते.

२२ जुलै, मंगळवार
रुखमाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. बाजूला बसले, सगळं सांगितलं. सूप खाली ठेवलं त्यांनी.
“मॅडम, रानाकाठच्या गावात एका हाकेले ओ नाई देत. माणूस असन तं दुसरी हाक मारते. थे एकदाच मारते.”
“थे म्हणजे कोण?”
“नाव काऊन घ्यायचं? नाव घेतलं म्हणजे आपणच हाक मारली त्याले.”
मी म्हटलं, पण आवाज माझा कसा?
“ज्याच्या आवाजाले पोरगी पहिल्या हाकेत उठते, थोच आवाज घेईन ना.”
परत सूप उचललं. मला तिथून उठवेना. 
एमएस्सी झालेली बाई मी. हे लिहितानाही लाज वाटते. पण उद्यापासून दोनदा घेणार नावं. काय बिघडतं.

२३ जुलै, बुधवार
दोनदा घेतली. सगळे हजर. वर्गानं सुस्कारा सोडल्यासारखं झालं, सुनंदा तर चक्क हसली माझ्याकडे बघून. नियम पुसला म्हणून सांगितलं.
मैनीनं मात्र पहिल्याच हाकेला दिलं उत्तर. थांबायचं बेटा, म्हटलं.
“थांबता नाई येत मॅडम. तोंडातून आपोआप निघते.”

२४ जुलै, गुरुवार
जमेल तसं लिहिते.
दुपारनंतर दहावीवर होते. नववीत मराठीचा तास. मैनी उठली, सरांना म्हणाली, मॅडम बोलावतात. सरांना वाटलं बोलावलं असेल, जा म्हणाले. तास संपला तरी परत नाही. माझ्याकडे विचारायला आले तेव्हा मी फळ्यावर वर्तुळ काढत होते.
मागच्या दारानं गेली होती. शाळेमागच्या नाल्याच्या ओल्या वाळूत चपलेचे ठसे सरळ पलीकडे. गावातले लोक, वनरक्षक, मोठी पोरं, सगळे शिरले जंगलात. मी “मैनी, मैनी” ओरडायला लागले तर रुखमाबाईंनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. “तुमी नका मारू हाक. तुमी तं बिलकुल नका.”
कडेला उभी राहिले तोंड बंद करून. गुन्हेगारासारखी.
ऊन उतरायच्या आत सापडली. बरीच आत, एका मोहाच्या झाडाखाली उभी. बसलेली नाही, उभी. नाल्याकडे घेऊन आले तेव्हा मला बघून मागे सरकली. “तुमी समोर चालून राह्यल्या होत्या मॅडम. मी आवाज देत होती, तुमी वळूनच नाई पाहिलं.”
अंग तापलेलं. सरकारी दवाखान्यात नेलं.

२५ जुलै, शुक्रवार
मलेरिया निघाला. डॉक्टर म्हणाले, तापात असे भास होतात, आठ-दहा दिवसांपासून अंगात असेल आजार. किती बरं वाटलं ते ऐकून! ह्यांना टाकीजवळ जाऊन फोन केला, रडले थोडी. “पाहिलं? उगाच त्या रुखमाबाईच्या गोष्टी घेऊन बसली,” म्हणाले.
खरंच की. ताप. बस्स.

२८ जुलै, सोमवार
मैनीला तिचे वडील घरी घेऊन गेले. वर्गात सगळं सुरळीत. दोनदा नाव, दुसऱ्याला हजर. वास्तव संख्या सुरू केल्या.
तास संपल्यावर सुनंदा मागे राहिली. “मॅडम, एक सांगू? थो आवाज अजून येते.”
“कोणाचा?”
“तुमचा. मागच्या दाराकडून. मैनीचंच नाव घेते.”
“कोणाकोणाला येतो?”
“सगळ्याइले. आमी नाई देत ओ.”
सगळ्यांना मलेरिया नाही. रक्त तपासायला सांगू का सगळ्यांचं? सांगते उद्या मु.अ. सरांना.

१ ऑगस्ट, शुक्रवार
रक्त तपासलं वर्गाचं. कोणालाच काही नाही.
मैनीचे वडील आले होते. धानाचा रोवणा सुरू आहे तरी चिखलाच्या पायांनी आले. ताप उतरला म्हणाले, जेवते, पण दार लावून आत बसते, कोणाच्याच हाकेला ओ देत नाही. आईच्याही नाही. शाळेत यायचं म्हणते, पण भिते.
“कशाले भिते भाऊ?”
“रागावू नका मॅडम. तुमच्या आवाजाले.” मग खाली बघत म्हणाले, “तुमी एकडाव घरी या. अंगणात उभं राहून हाक मारा तिले. दोनदा. दुसऱ्या हाकेले ओ देईन म्हणते. मंग समजन तिले का मॅडम खरी कोणती.”
एका बापानं शिक्षिकेला सांगायची ही गोष्ट का? पण येते म्हटलं.

३ ऑगस्ट, रविवार
जाऊन आले. मराठीचे सर गाडीवर घेऊन गेले. पुढे चिखल, म्हणून ते रस्त्यावरच थांबले, मी पायी.
अंगणात मैनीचे आईवडील. आत दार लावलेलं. मी मधोमध उभी राहिले आणि हाक मारली. “मैनी!”
काही नाही. शहाणी पोरगी, थांबली. शिकली थांबायला.
दुसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला. माझी हाक अजून निघालीच नव्हती. ओठ उघडले होते एवढं आठवतं.
आणि हाक आली. “मैनी!” माझाच आवाज, शेवटची वेलांटी मी लांबवते तशीच लांबवलेली. घरामागच्या भाजीच्या सांदवाडीतून, बांबूच्या कुंपणापलीकडून.
कडी निघाली. मैनी दारात. “हजर मॅडम!” पळत येऊन कमरेला मिठी मारली. तिची आई डोळे पुसत होती. वडील म्हणाले, “मारली बा दुसरी हाक. जीव भांड्यात पडला.” त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. दाराकडे बघत होते दोघंही.
निघताना पायवाटेवर मैनीनं विचारलं, “मॅडम, दुसरी हाक मारताना तुमी मागच्या अंगाले गेल्या होत्या का?”
तिचा हात माझ्या हातात. इतक्या दिवसांनी घराबाहेर पडलेली.
“हो,” म्हटलं.
“मंग खरंच तुमीच.”
वसतिगृहात सोडलं तिला. जेवली, सुनंदाजवळ झोपणार आहे. उद्या पहिला तास नववीचाच. हजेरी कशी घ्यायची ते ठरत नाही. एकदा नाही, दोनदाही आता नाही. नाव न घेता नुसतं बोट दाखवावं म्हटलं, तर मग मागच्या दाराकडून जे नाव येईल त्याला मैनी ओ देईल. तो आवाजही माझाच, असं मीच आज तिला सांगितलंय.