आपलं दुकान

बा, काल अनसिंगला तुझ्या एका शब्दाने माझी पार फजिती केली. तू गेलास तेव्हा मी सातवीत होतो. आता मिशा आल्या, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून झालं, आणि एका मुलीपायी माझं डोकं ठिकाणावर नाही. एवढं सांगितलं की पुढचं तुला कळेल. तिथे तिच्या घरी पहिल्यांदाच बोलावलं होतं. समोर तिचे बाबा आणि मामा, मी खुर्चीच्या कडेवर. मामाने विचारलं, "काय करून राह्यले मंग सध्या?" मी म्हटलं, "आपलं दुकान हाय ना वाशीमले. मोटरपंपाचं. जळाल्या मोटरीत नवी तार भरून देतो." झालं. मामा सरसावून बसला. आतून पोह्यांची दुसरी प्लेट आली, वर शेव जास्त. मग तिच्या बाबांनी विचारलं, "जागा सोताची का किरायाची?" मी म्हटलं, "ते सेठले माईत." "कोन्ता सेठ?" "दुकानाचा मालक." "अन् तुमी?" "मी कामाले हाय." मामा म्हणाला, "मंग आपलं दुकान कायले म्हनता, राजेहो?" माझी सटकली. "माया बाप असाच बोले," म्हणालो आणि चहा तसाच ठेवून उठलो. गाडीला किक बसेना, आणि खिडकीतून ती पाहत होती.

तू इंझोरीत मालकाचा सालदार. पाडव्याला वर्षभराच्या मजुरीचं साल ठरायचं तेव्हा बाकीचे गडी ओट्यावर बसून घासाघीस करायचे, आणि तू उजाडायच्या आत गोठ्यात शेण काढत असायचास. तुझं साल ठरवायची गरजच पडली नाही कोणाला. घरी आलास तरी आपले बैल, आपली तूर, आपल्या विहिरीचं पाणी. म्हणून तर शाळेत गुरुजींनी कोणाकडे किती शेती विचारलं तेव्हा मी हात वर केला, "आमची पंधरा एकर, ओलिताची!" मालकाचा पोरगा माझ्याच वर्गात होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळा वर्ग हसला. मी पेटून गोठ्यात आलो. तू बैलाच्या जू लागून सोललेल्या खांद्याला हळद-तेल लावतो आहेस. बैल डोळे मिटून उभा आहे. "बा, हे बैल आपले नोहोत." तू मागे न पाहता म्हणतोस, "माईत हाय." "मंग आपले काहून म्हनतं?" तू हात थांबवत नाहीस. "लोकाइचे म्हटलं का हात जड होते रे. दिवसभर कसे वागवू जड हात?"

तेव्हा मला ते पटलं नाही, आणि आजही धड पटत नाही. तुला कावीळ झाली तेव्हा मालकाने स्वतःच्या जीपमध्ये घालून तुला वाशीमला नेलं, दवाखान्याच्या फरशीवर बसून राहिला, आणि तू गेलास त्या दिवशी आईपेक्षा मोठ्याने रडला. पण सावडणं झालं त्याच दिवशी तुझ्या बैलांचे कासरे दुसऱ्याच्या हातात होते. बैलांना पाणी पाजायला कोणीतरी हवंच होतं, हे मला कळतं. राग तरी जात नाही. आता त्याच मालकाला सालदार मिळत नाही. येणारे गडी आधी विचारतात, पेट्रोल देता का, रविवारी सुट्टी का, आणि पटलं नाही तर मधूनच फोन बंद करून निघून जातात. हे ऐकून मला बरं वाटलं. का वाटलं, ते माहीत नाही.

मीही तसाच आहे, बा. कुठे टिकलो नाही. सेठ दुकान बंद करायच्या वेळेलाच म्हणतो, "एवढी एक मोटर भरून जाय, आपलंच दुकान समज." आणि परवा अनसिंगला जायला सुट्टी मागितली तर म्हणाला, "मालक कोन हाय, तू का मी?" मी म्हटलं, "तुमीच ठरवा एकदाचं." तुला ओळखायचा तो, मालकाच्या मोटरी त्याच्याकडेच यायच्या. म्हणाला, "पोट्टे हो, काम शिकता आन समोरच्या दुकानात जाता. तुया बापासारखे मानसं आता कुठी भेटतात?" मी म्हटलं, "जीपमदी घालून नेनारे मालक तरी कुठी भेटतात?" त्याने सुट्टी मात्र दिली. समोरच्या दुकानवाल्याने मला खरंच बोलावलंय, हे त्याला माहीत असावं.

सकाळी तिचा फोन आला. "बाबा म्हनतात पोरगा खोटा हाय. मी म्हटलं, खोटा नोहे, येडा हाय." मी हसलो तर भडकली. "हासू नको. मामा म्हनते, तू कोठी टिकत नाही. तू येऊन बाबाले सांग, दुकान कोनाचं हाय, आन तू तिथं राहून राह्यला का सोडून राह्यला. मले बी आयकायचं हाय." उद्या जाणार आहे. सेठचं दुकान, मी कामाला, इथपर्यंत जमेल. पुढचं काय सांगू, ते सकाळपासून ठरत नाही. हातातली कॉइल दोनदा उलटी बसवली. सेठने पाहिलं, आणि नवी तार पुढे सरकवून निघून गेला.

हे तुला धाडायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकतो. तिला सकाळी फोनवर सांगितलं की शब्द सवयीने निघाला. निघाला सवयीनेच. पण शेव जास्त घातलेली ती दुसरी प्लेट समोर आली, तेव्हाच मला कळलं होतं की यांना काय वाटलंय. मी बोललो नाही. सावकाश खात राहिलो. प्लेट संपेपर्यंत दुकान माझं होतं, बा, आणि फार छान वाटत होतं. संध्याकाळी बैल घेऊन शिवारातून येताना तुलाही असंच वाटायचं का?