पान चौऱ्याऐंशी, डावा कोपरा

टोकियो,
४ जून १९९८

ती. दादास,
मिसाओचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले तांदूळ पोचले. शेजारच्या बाईंना त्यातले थोडे दिले, तर त्यांनी विचारलं की भावाची शेती आहे का. म्हटलं, नाही, भाऊ मेलेल्या माणसांचे फोटो तयार करतो. तेव्हापासून त्यांचं येणं जरा कमीच झालंय.

आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की चिगुसाच्या रक्तावर दुसरंही औषध लागू पडलेलं नाही. तिसरं देणार आहेत. तेही चाललं नाही तर पानगळीपर्यंत, असं ते म्हणाले. घरी येताना मी तोंड हसरं ठेवायचा फार प्रयत्न केला. पोरीने चपला काढता काढता सांगितलं की आत्या, तुला खोटं हसता येत नाही आणि मला हे आधीच कळलंय.

आणि रविवारी म्हणे हाराजुकूला, त्या नटलेल्या पोरांच्या फॅशनच्या रस्त्यावर, जायचं! मी नाही म्हटलं. त्यावर तिचं उत्तर असं, की अंथरुणात पडून राहायला पुढे भरपूर वेळ आहे. शेवटी मी सोबत गेले, पण दहा पावलं मागून. माझ्या मातकट स्वेटरशेजारी उभं राहिलं तर कुठला फोटोवाला थांबवणार, असं तिचं म्हणणं. औषधाने डोक्यावर केस उरलेले नाहीत, तर तिने स्वतः शिवलेली लाल टोपी घातली होती. वीस मिनिटांत फॅशनच्या मासिकाच्या एका मुलाने थांबवलं. गळ्यात कॅमेरा, वागायला अदबशीर. फोटो घेऊ का म्हणून विचारलं, पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं, तीनदा बटण दाबलं आणि एक छापील कागद भरायला दिला: नाव, वय, करता काय, अंगावरचं काय कुठून घेतलं. जाकिटापुढे तिने लिहिलं: आईचा किमोनो, शिवण माझी.

हो दादा, तोच. वहिनीचा काळा, पाच कुलचिन्हांचा. जानेवारीत घरी आली होती तेव्हा पेटीतून काढून आणला आणि इथे कापला. मलाही रविवारीच कळलं. तू चिडशील आणि ते बरोबरच आहे. पण पुढचं वाच.

परतताना गाडीत ती म्हणाली की वेळ येईल तेव्हा पितरांच्या देव्हाऱ्यात हा फोटो ठेवायचा. बाबांनी मला कुणाच्या काळ्या किमोनोत बसवायचं नाही. एवढं एकच मागते, आत्या, आणि बाबांना तूच सांग, मी सांगितलं तर ते कॅमेऱ्याची चूक काढतील. मी शब्द दिला, तो आज पाळते आहे.

माझ्यावर रागव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मिसाओ

---

साकाता,
१० जून १९९८

चि. मिसाओस अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून बंद केलं आणि दुकानात गेलो, कारण गिऱ्हाईक आलं होतं.

त्या किमोनोची किंमत तुम्हा दोघींना ठाऊक नाही, म्हणून लिहितो. लोक माझ्याकडे कसले फोटो आणतात? गाडीच्या परवान्यावरचा, सहलीच्या घोळक्यातला, हातात बिअरची बाटली असलेला. मी मानेपासून चेहरा कापतो आणि काळ्या किमोनोतल्या खांद्यांवर बसवतो. बायकांसाठी खांदे एकच आहेत. फुमिएचे. सन चौऱ्याहत्तरच्या शरदात मी तिला त्या किमोनोत बसवून अकरा निगेटिव्ह घेतल्या, त्यातली सातवी. गेली चोवीस वर्षं या गावातली प्रत्येक मेलेली बाई फुमिएच्या खांद्यांवर आपलं डोकं ठेवून देव्हाऱ्यात बसली आहे. खुद्द फुमिएसुद्धा. छातीवरची चिन्हं तेवढी मी घराण्याप्रमाणे ब्रशने बदलतो. सांधा कुठे आहे ते आजवर एकालाही दाखवता आलेलं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. मी शाळा चौदाव्या वर्षी सोडली.

तो किमोनो तिने कापला.

त्या मुलाने उजेड मोजला होता का? दुपारचे किती वाजले होते? टोपीच्या कडेची सावली डोळ्यांवर आली असणार, पैज लावतो. रस्त्यात उभं करून तीनदा बटण दाबणं याला फोटो काढणं म्हणत असतील, तर मी काय करतो त्याला दुसरं नाव शोधावं लागेल.

देव्हाऱ्याची भाषा माझ्या घरात कुणी करायची नाही. तिसरं औषध आहे ना? मग आहे. तिला भात पोटभर खायला घाल.

सोबत वाळवलेले मासे पाठवतो आहे. तुम्हा दोघींचं बरं चाललेलं ऐकायची वाट पाहतो.

तोकुजी

---

टोकियो, इस्पितळातून,
२ ऑगस्ट १९९८

ती. बाबांस,
चिगुसाचा शि. सा. न.

अक्षर वेडंवाकडं आहे, हाताला सुई लावलीय. तुमच्या नियमाप्रमाणे हा कागद परत लिहून काढायला हवा होता, पण नाही काढत.

मासिक आलं! आत्याने स्टेशनवरच्या दुकानातून तीन अंक घेतले. दुकानदाराने तिला विचारलं म्हणे, की आजी, हे तुम्ही वाचता का. आजी म्हटल्याचं तिला अजून लागलंय. एक अंक तुम्हाला, एक तिला, एक माझ्या उशीशी. पान चौऱ्याऐंशी, खाली डावा कोपरा. पानावर नऊ जण आहेत. माझ्या शेजारच्या मुलाने डोक्यावर चहाची किटली बांधलीय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

बाबा, किमोनोबद्दल माफी मागत नाही. आईला मी नऊ वर्षांची असेपर्यंत पाहिलं. त्यानंतर गावात ज्या घरी दिवसाला जावं त्या घरी आई बसलेली, वर डोकं दुसऱ्या बाईचं. शाळेतल्या मैत्रिणीची आजी गेली तेव्हा मी किती रडले, आठवतं? सगळे म्हणाले, केवढी माया. मी आजीसाठी रडत नव्हते. मला त्या रांगेत बसायचं नाही.

तिसऱ्या औषधाचं काय झालं ते आत्याने कळवलं असेलच. मग देव्हाऱ्यातल्या फोटोबद्दल मला हो किंवा नाही एवढंच कळवा. इथली नर्स म्हणते की वडिलांना येऊन फोटो काढायला सांग. मी म्हटलं, ते येतील, उजेड मोजतील, गादी सरळ करतील आणि मग मला हसू नकोस म्हणतील. आलात तर कॅमेरा आणू नका.

शेंगा तयार झाल्या असतील ना? मीठ घालून उकडलेल्या पाठवल्या तर वाटेत खराब होतात. कच्च्याच पाठवा. खाता येईल न येईल, वास तरी घेईन.

तुमच्या रागाला भीत नाही, अबोल्याला भिते. उत्तर द्या.

चिगुसा

---

साकाता,
९ ऑगस्ट १९९८

चि. चिगुसा हिस अनेक आशीर्वाद.

शेंगा वेगळ्या पेटीने पाठवल्या आहेत, देठासकट. देठ काढले की गोडी जाते.

पान पाहिलं. फोटो सहा पूर्णांक आठ बाय साडेचार सेंटिमीटर. दोष: उजवीकडे कुणाचं तरी कोपर आलं आहे. उजेड डोक्यावरचा, टोपीची सावली भुवयांपर्यंत (डोळे सुटले, हे नशीब). कॅमेरा छातीच्या उंचीवर धरला आहे, तो चार बोटं खाली हवा होता. हे सगळं तांबड्या पेन्सिलीने पानावर दाखवून अंक परत पाठवतो आहे, म्हणजे तुला कळेल.

आता दुसरं. जाकिटावर छातीची दोन्ही चिन्हं एका रेषेत आली आहेत. कापड कापून नव्याने जोडताना ती सरकतात, भल्याभल्या शिंप्यांची सरकतात. भिंगाखाली दोनदा मोजलं. फरक नाही. शिवणाची शाळा सोडून घरी बसून शिकणार म्हणालीस तेव्हा मी तुला बरंच बोललो होतो. त्यातलं निम्मं परत घेतो.

तुझं उत्तर: हो. काळा किमोनो नाही. हाच फोटो. माझा शब्द.

मात्र मासिकाचं पान नुसत्या ठिपक्यांचं असतं. मोठं केलं की चेहरा विरून जातो. मूळ निगेटिव्ह हवी. त्या मुलाला मी लिहीन. परक्याकडे फोटो मागायची पाळी माझ्यावर कधी आलेली नाही, तेव्हा पत्राची भाषा जुळवायला चार दिवस लागतील.

पुढच्या महिन्यात दुकान बंद करून येतो. कॅमेरा आणणार नाही.

औषध वेळेवर घे. नर्सला सांग की मी गादी सरळ करणार.

तुझा बाबा

---

टोकियो,
१२ सप्टेंबर १९९८

दादा,

नमस्कार लिहायला हात होत नाही, तरी लिहिते. सा. न.

तीन तारखेला पहाटे ती गेली. चार तारखेला तू आलास आणि आपण तिला गावी नेलं. तेव्हापासून मी तुझ्याशी नीट बोललेले नाही. काय सांगायचं ते समोर जमलं नाही, म्हणून हे पत्र.

थोरल्या घरच्या काकांनी सांगितलं की असल्या चित्रविचित्र कपड्यातला फोटो पुढे धरून चाललो तर गाव हसेल. त्यांनी म्हणावं, ते तसेच आहेत. पण तू? तू खाली मान घालून आतल्या खोलीत गेलास आणि दोन तासांनी तिचा शाळेतल्या ओळखपत्रावरचा चेहरा वहिनीच्या खांद्यांवर बसवून बाहेर आलास. सांधा दिसत नव्हता. सगळ्यांनी वाखाणलं. मी उठून बाहेर निघून गेले.

तू मला म्हणालास की निगेटिव्ह नव्हती, मी काय करणार. का नव्हती, दादा? चार दिवसांत पत्र लिहिणार होतास. पंचवीस दिवस होते तुझ्याकडे. विचारलं तर म्हणालास की मसुदा सात वेळा केला, एकही पटला नाही.

शवपेटीत ठेवायला जाकीट दिलं, तर तिथल्या माणसाने सांगितलं की दहनाला धातू चालत नाही. मग मी जाकिटाची धातूची चेन उसवत बसले. इतकी बारीक टीप, एकेक टाका निघता निघेना. त्या जाकिटाबरोबर तुझ्या तांबड्या पेन्सिलीचा अंकही ठेवला. तो ती शेवटपर्यंत उशाशी ठेवायची आणि येईल त्या नर्सला दाखवायची, की बघा, माझे बाबा.

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मी येणार नाही. तोवर तो फोटो उतरव. तू शब्द दिला होतास, तिला.

मिसाओ

---

टोकियो,
९ ऑक्टोबर १९९८

श्री. सुगाई तोकुजी यांस,
स. न. वि. वि.

आपलं १४ सप्टेंबरचं पत्र मासिकाच्या कचेरीत पडून होतं, मला परवा मिळालं. वाचून खूप वाईट वाटलं.

खरं सांगतो. दर रविवारी मी चाळीसएक लोकांचे फोटो घेतो, चेहरे लक्षात राहत नाहीत. ही मुलगी मात्र आठवते. तिने मला विचारलं होतं की उजेड मोजत नाही का. मी म्हटलं, सवयीने कळतो. ती म्हणाली की माझ्या बाबांना हे ऐकवू नका.

ती आजारी होती हे मला कळलं नाही. बारीक आहे, एवढंच वाटलं.

अंक निघाला की निगेटिव्ह कचेरीत जमा कराव्या लागतात आणि तिथे त्या जपून ठेवत नाहीत. तुमचं पत्र वाचून शोधायला गेलो. त्या दिवसाचा रोल टाकून दिलेला निघाला. पण त्या वेळी मला आवडला म्हणून मी स्वतःसाठी एक मोठा प्रिंट काढून ठेवला होता, कमरेपासून वरचा. तो सोबत आहे. हा एवढाच आहे, म्हणून पुठ्ठ्यांत बांधून पाठवतो.

तुम्ही याच धंद्यातले आहात असं लिहिलंत. चुका दिसतील, सांभाळून घ्या.

आपला,
हिरानुमा रेइजी

---

साकाता,
२३ ऑक्टोबर १९९८

चि. मिसाओस अ. आ.

परवा एकोणपन्नासावा दिवस झाला. काळा किमोनो उतरवला. त्या जागी हिरानुमांकडून आलेला फोटो लावला आहे. थोरल्या घरच्या काकांना आधीच सांगितलं की बोलायचं असेल तर माझ्याशी बोला. तेव्हा तू म्हणालीस ते केलं, असं तुला लिहून पत्र मिटवता आलं असतं. पण घडलं ते सगळं लिहितो.

प्रिंट चांगला होता. मी काढला असता तर इतका चांगला आला नसता. त्यात ती समोरच्या माणसाकडे अशी बघते आहे, की मी सांगणार ते तू ऐकून घेशील, याची तिला खात्री आहे. माझ्याकडे तिने असं कधी बघितल्याचं आठवत नाही. मी फोटो चौकटीत घातला. हात लावायचा नाही असं ठरवलं होतं.

घरातला एकमेव फोटो कुणी आणला तर मी आधी त्याची कॉपी निगेटिव्ह काढतो, मग ब्रश उचलतो. चोवीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. या वेळी कॉपी काढली नाही, कारण हात लावायचाच नव्हता.

सोमवारी सकाळी टोपीवर एक पांढरा ठिपका दिसला. निगेटिव्हवर धूळ होती, त्याचा. तेवढा झाकावा म्हणून बाहेर काढला. शाईचा एकच थेंब. मग ते कोपर खुपलं, ते भिंतीत मिळवलं. मग, मिसाओ, गालाखाली सावली होती. आजाऱ्यांची असते तशी. लोक माझ्याकडे आजाऱ्यांचे फोटो आणतात आणि माझा हात सांगितल्याशिवाय त्यांचे गाल भरतो. भिंग डोळ्याला होतं, तेव्हा मला गाल दिसत होता, चिगुसा दिसत नव्हती. गाल भरले, डोळ्यांखालचं काळं फिकट केलं, ओठांची कड सरळ केली. फार बारीक काम झालं. इतकं चांगलं काम माझ्या हातून गेल्या दहा वर्षांत झालेलं नाही.

भिंग काढलं तर समोर एक निरोगी मुलगी होती. मी तिला ओळखत नव्हतो.

पाण्यात धुऊन पाहिलं. शाई कागदात मुरली होती. पात्याने खरवडायला गेलो तर डाव्या गालाचा खालचा कागद उघडा पडला, तोही पुन्हा रंगवावा लागला.

दिवसाला आलेल्यांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. जाकीट तिचंच, टोपी तिचीच, चिन्हं एका रेषेत. काकूंनी तर जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या की अगदी फुमिएच उतरली आहे. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, शेवटी तोकुजीचा हात. मी मान लववली.

हिरानुमांना आभाराचं पत्र लिहिलं. मसुदा केला नाही.

आता एक विनंती. मासिकाचा खुणा न केलेला अंक आता तुझ्याकडेच उरला आहे. मी मागितला तरी पाठवू नकोस. किती कारणं दिली तरी पाठवू नकोस. चौकट करून देतो म्हणालो तर अजिबात नाही. नव्या वर्षात मी टोकियोला येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस, तर मला चौऱ्याऐंशीवं पान दाखव. पण अंक तू धर. माझ्या हातात देऊ नकोस.

राग संपेपर्यंत राग ठेव. त्यानंतर काही उरलं तर कळव.

तोकुजी