गुरुवारची गोळी

प्रिय किशोरी,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तोंड आलंय ते मिरचीमुळे, असं म्हटलं होतं. मिरचीचा काही संबंध नाही, मी आठ दिवस नुसती पेज जेवतेय. तोंड आलं ते गोळीमुळे. आपली संधिवाताची गोळी, आठवड्यातून एकदाच, रविवारी घ्यायची, ती मी गुरुवारीही घेत होते. तीन गुरुवार.

बोटं वळती राहावीत म्हणून एकमेकींना पत्रं लिहायची, ही तुझीच कल्पना. तुझं अक्षर पत्रागणिक सुधारत गेलं. माझं तू बघतेच आहेस. कणकवलीच्या दवाखान्यात बाकावर आपली ओळख झाली तेव्हा तुला ग्लास धरवत नव्हता, मीच तुझ्या ओठांना लावला होता. माझं औषध तुझ्याआधी आठ महिने सुरू झालेलं. डॉक्टर तेच, गोळी तीच. तुझी सूज उतरली. माझी मूठ अजून सकाळी दहापर्यंत मिटत नाही.

एप्रिलमध्ये तू आचऱ्याला आमच्याकडे आलीस, तेव्हा आईने शिरवाळ्या करायला घेतल्या. ते काम मी आठवीत असताना तिच्याकडून शिकलेली. तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा साच्यात भरायचा आणि गार व्हायच्या आत सगळा भार देऊन दाबून शेवया पाडायच्या. माझ्याकडून दांडा अर्ध्यावरच अडला. तू ओढणी खोचून पुढे झालीस. आई म्हणाली, "बघ गो, किशोरीचो हात कसो चलता तो!" आणि तू हसत मला म्हणालीस, "तुझी गोळी काय रजेर गेली गो?" मीही हसले. तुला नारळाचा रस आग्रह करकरून वाढला. तू जेवत होतीस आणि मी तुझ्या मनगटाकडे बघत होते. हिची सूज परत यावी, असं मला वाटलं. एकदाच नाही, तू एसटीत बसेपर्यंत वाटत होतं. तो गुरुवार होता. तुला सोडून घरी आले आणि गोळ्यांचं पाकीट उघडलं. मला तुला गाठायचं होतं.

काल आरशात जीभ बघितली आणि घाबरून आईला सगळं सांगितलं. ती पाकीट उचलून म्हणाली, "औषध म्हणजे काय पेज आसा, आणखी वाढून घेवक?" आज दवाखान्यात फोन केला, पण तिथे तोंड आलंय एवढंच सांगितलं. गोळी बंद ठेवून उद्या सकाळीच या, म्हणाले.

उद्या तुझीही तपासणीची पाळी आहे. नेहमीसारख्या आपण दोघी एकत्र आत जाऊ. डॉक्टर विचारतील, सांगितल्याप्रमाणेच घेतेस ना? आणि मी काही बोलायच्या आत तू म्हणशील, "ही? हिची एक गोळी इकडची तिकडे होत नाही, डॉक्टर." दर महिन्याला तू हेच म्हणतेस, आणि आजवर ते खरं होतं. उद्या म्हणालीस तर मी मान हलवीन, मी मला ओळखते. म्हणून गोव्याला निघालेल्या महादूकाकाच्या टेम्पोतून हे पत्र आजच तुझ्याकडे दोडामार्गाला पाठवतेय. माझ्यासाठी साक्ष देऊ नकोस, एवढंच मागते. मनगटाचं वाचून माझ्या शेजारी बसावंसं वाटलं नाही, तर दुसऱ्या बाकावर बस. मी मात्र डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे, उद्या, बुधवारी, तेरा मेला.

तू म्हणू देशील तर तुझीच,
संचिता