रुळांमधला कागदी सदरा

हनोई, २८ जुलै २०२४

चि. खोई यास थोआताईचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मी फोनवर बोलू लागले की आई माझ्या तोंडाकडे टक लावून बसते, आणि विषय तिचाच आहे.

आपली गल्ली तुला आता ओळखू येणार नाही. दारातले रूळ तेच, पण शेजारच्या मुईने पुढच्या खोलीत कॉफीचं दुकान काढलंय. तांबडे कंदील, बुटकी स्टुलं आणि कान किटतील अशी गाणी. गाडी दारावरून जाताना बघायला देशोदेशीचे लोक येतात. मुई म्हणते, ज्या धडधडीला आपण जन्मभर शिव्या घातल्या तिच्यासाठी हे विमानाने येतात, मग वेडं कोण?

मला भीती वेगळीच आहे. आपल्या पंचांगातल्या सातव्या महिन्याची, पितरांची पौर्णिमा जवळ आली. बाबा गेल्यापासून आई त्या दिवशी त्यांच्यासाठी कागदी कपडे जाळते, आणि अंगण नाही म्हणून रुळांच्या मधोमध डबा मांडून बसते. सगळं जळून गेल्याशिवाय उठत नाही. सदरा अर्धा जळला तर त्यांना अर्धाच पोहोचतो ना! यंदा पौर्णिमा रविवारी आहे, आणि सुट्टीच्या जादा गाड्यांना धड वेळ नसते. देवळात जाळू म्हटलं तर म्हणाली, तुझ्या बाबांना घराचा पत्ता ठाऊक आहे, देवळाचा नाही. तू समजाव, तुझं ऐकेल.

सौ.ला आशीर्वाद. लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू दे.

तुझी,
थोआताई

सायगॉन, ५ ऑगस्ट २०२४

ती. थोआताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, रागावू नकोस. तू मुळातच घाबरट. कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या आधी आईला गाडी कळायची आणि आपल्या दोघांची बखोटी धरून ती आत ओढायची, विसरलीस? तरी तुझ्या समाधानासाठी काल तिला फोन केला. पौर्णिमेचं विचारलं, तर म्हणाली मिरच्या फार महाग झाल्यात. गाड्यांचं विचारलं, तर मला नीट जेवत जा म्हणाली. विषय टाळण्यात अजून पटाईत आहे! निर्धास्त राहा.

माझ्यावरचा राग उतरल्यावर लोभही कळव.

तुझा,
खोई

हनोई, २० ऑगस्ट २०२४

चि. खोई यास अनेक आशीर्वाद.

आई सुखरूप आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

रविवारी संध्याकाळी तिने डबा मांडला. मी भात उतरवायला क्षणभर आत गेले. बाहेर आले तर मुईच्या दुकानातले पाहुणे भिंतींना चिकटून उभे आणि प्रत्येकाचा फोन वर. एकटी मुई ओरडत होती. वळणावर गाडीचा दिवा दिसला, भोंगा वाजत होता, आणि आई काडीने कागदी सदरा आगीत सरकवत होती. तिची मानही वळली नाही. मी तिच्या काखेत हात घालून मागे खेचलं आणि दोघी उंबऱ्यावर आपटलो. डबा गाडीने उडवला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या रे. टाळ्या!

आई माझ्यावरच चिडली. म्हणाली, सगळे कसे शांत उभे होते, मला वाटलं तुझ्या बाबांचा मान राखतायत. शांत म्हणे! भोंगा चालू, गाणी चालू. तिला आता ऐकूच येत नाही, खोई. आपली तोंडं बघून निभावून नेत होती, आणि फोनवर तुला अंदाजाने उत्तरं देत होती.

आता हट्ट धरलाय. बाबांना एकच बाही पोहोचली, उरलेला सदरा पुढच्या पौर्णिमेला तिथेच जाळणार. मी हातापाया पडले, रडले, उपयोग नाही. मुई तेवढा वेळ गाणी बंद ठेवणार आहे. मी आईच्या कपड्याचं टोक मुठीत धरून शेजारी बसेन. पण गाडी एकाच रुळावरून दोन्हीकडून येते, आणि मला एकाच बाजूला बघता येतं.

दुसरी बाजू तुझी. लोभ पत्रातून नको, स्वतः ये.

तुझी,
थोआताई