उंबरठ्यावरून घेतलेलं नाव

बाबा, आज पुन्हा तुमचा राग आला. या वयात राग धरून ठेवणं झेपत नाही, म्हणून लिहायला बसले. वाशीमला माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक शिबिर होतं. शेजारणीचा जावई फौजेतून परत आलाय, ती मला सोबतीला ओढून घेऊन गेली. मांडव, पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बोलायला एक तरुण मुलगी. फार नीट बोलली ती. म्हणाली, असा माणूस झोपेत असेल तर एकदम हात लावून उठवू नका, जरा लांब उभं राहून नावाने हाक मारा. पुढच्या रांगेतल्या पोरींनी माना डोलावल्या. त्या नवऱ्याला नावानेच हाक मारतात, तीही एकेरीत, त्यांना काय अवघड. मी मात्र मागच्या खुर्चीत बसून धुसफुसत होते. हेच तुम्ही कारंज्याला आपल्या घराच्या ओट्यावरून सांगत होतात, जवळजवळ याच शब्दांत. आणि त्या वेळी ते किती बिनडोकपणाचं होतं, हे तुमच्या ध्यानातही येत नव्हतं.

तुम्ही ब्रह्मदेशातल्या लढाईवरून आलात तेव्हा मी लहान होते, मला ते आठवत नाही. मला आठवतो तो पुढचा काळ, देशाला स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि आपण अजून अकोला जिल्ह्यात मोडत होतो तेव्हाचा. फौजेतून हवालदार म्हणून सुटून आलात, एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं, आणि आसपासच्या खेड्यांतल्या सुटून आलेल्या शिपायांची विचारपूस करायची हे काम तुम्ही अंगावर घेतलंत. कोणी सांगितलं नव्हतं. अकोल्याहून कधीमधी एक साहेब यायचा, शाबासकी देऊन जायचा, तेवढ्यावर तुमची छाती फुगायची. बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी कापूस नाहीतर धान्य घेऊन कारंज्याला यायचंच असतं, म्हणून तुम्ही हजेरी बाजारालाच लावलीत. ज्याने त्याने गाडी सोडायची, ओट्यावर यायचं, तुम्ही नाव पुकारलं की 'हाजिर' म्हणायचं आणि चहा प्यायचा. लढाईचा विषय काढायचा नाही. दोन बाजार ज्याने चुकवले त्याच्या गावी तुम्ही स्वतः जायचात. चांगली पद्धत होती, नाही म्हणत नाही. फक्त त्या चहाचं दूध कुठून येतं आणि सोबतच्या भाकरी कोण थापतं, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही.

आत स्वयंपाकघरात दुसरी हजेरी भरायची, ती तुम्हाला ठाऊकच नव्हती. त्या माणसांच्या बायका बाजार उरकून आईजवळ येऊन बसत. आई भाकरी थापतेय, कोणी पीठ मळतेय, कोणी मिरच्यांचे देठ काढतेय, आणि बोलणं चाललंय. एकीचा नवरा जेवताना पाठ भिंतीला लागल्याशिवाय घास घेत नाही. एकीचा पोळ्याचे ढोल वाजले की वावरात निघून जातो, बैलांची पूजा तिला एकटीला करावी लागते. आई उपदेश करत नसे. 'आमच्याकडंबी असंच हाय,' एवढंच म्हणे, आणि त्या बाईचा चेहरा जरा सैल व्हायचा. तुम्ही ओट्यावरून एकदा आत डोकावायचात, उंबरठ्याशी उभे राहून सगळ्या बायकांना मिळून हुकूम द्यायचात, दारातून नाव घ्या, अंगाला हात लावू नका. त्या पदर पुढे ओढून होकार द्यायच्या. तुम्हाला वाटायचं, झालं काम. तुम्ही वळलात की त्या एकमेकींकडे बघायच्या. नवऱ्याचं नाव घेणार कोण? मरण आलं तरी जी गोष्ट त्या करणार नव्हत्या, नेमकी तीच तुम्ही त्यांना औषध म्हणून दिली होतीत.

धनजचा तो शेतकरी तुम्हाला आठवत असणारच. उंच, शांत, ओट्यावर नेहमी कोपऱ्यात बसणारा. त्याने दोन बाजार चुकवले आणि तुम्ही मोटारीने गेलात. परत आलात ते पाय आपटतच. झालं होतं असं की पहाटे जनावरं वावरात घुसली, बायकोने घाबरून त्याला खांद्याला धरून हलवलं, आणि त्याने झोपेतच तिचा हात असा पिरगळला की हाड मोडलं. जाग आल्यावर स्वतःच रडत बसला म्हणे. पण त्याच्या भावांना निमित्त मिळालं. त्यांनी त्याला गोठ्यात खुंट्याला बांधलं, अंगात काही शिरलंय म्हणाले, आणि त्याला नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवायचं ठरवलं. तिचा बाप तिला न्यायला येऊन बसला होता. ती जायला तयार नव्हती. तुम्ही भांडून एवढंच मिळवलंत की पुढच्या बाजारापर्यंत कोणी काही करायचं नाही, सगळ्यांनी कारंज्याला यायचं. पण त्याबद्दल तुमचं कौतुक करावं तर तुम्ही घरात शिरल्या शिरल्या चिडलात त्या बाईवरच. नाव घे म्हणून सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही, म्हणे. आई चूल फुंकत होती. तिच्या फुंकण्यावरून मला कळलं की काहीतरी शिजतंय.

बाजाराचा दिवस उजाडतो. ओटा भरलाय. तो भिंतीला पाठ लावून बसलाय, मनगटांवर दोराचे वळ. त्याचे भाऊ उभे, तिचा बाप उभा. ती बाई खांबाशी, हात झोळीत. आणि तुम्ही परेडवर असल्यासारखे तिच्यासमोर.

'मी तुले काय सांगितलं होतं? दारात उभं राहून नाव घ्याचं. मंग काहून नाही घेतलं?'

ती खाली बघते. तुम्ही तेच पुन्हा विचारता, आणखी मोठ्याने. मला वाटलं, आता हा माणूस तिसऱ्यांदा विचारणार आणि ही बाई बापाबरोबर जाणार, आणि तो खुंट्यावरून थेट नागपूरला. सगळं तुमच्या एका खुळचट हुकमापायी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेवढ्यात आई ओट्यावर आली. बाहेरच्या माणसांसमोर ती कधी येत नसे. हाताला पीठ तसंच होतं.

'बाईनं नवऱ्याचं नाव कसं घ्याचं?' ती तुम्हाला म्हणाली. 'मी तरी घेतलं काय कधी तुमचं? तुमाले रोज सकाळी कोन उठवते, हे तरी मालूम हाय काय?'

तुम्हाला मालूम नव्हतं. मी उठवायची, बाबा. समजायला लागल्यापासून आई मला अंथरुणातून ओढून उंबरठ्यावर उभं करायची आणि म्हणायची, बोलाव. मी 'बाबा' म्हणून हाक मारायची, तुम्ही दचकून उठायचात, मग ती चहा घेऊन आत यायची. मला ते निव्वळ छळ वाटायचं. आपलं काम आपण का करत नाही ही, असं मनात म्हणायची. तुमच्याच हुकमातली अडचण तिने तुम्हाला न सांगता मुलीकडून सोडवून घेतली होती, आणि धनजच्या त्या बाईला मूल नव्हतं.

मग आई तिच्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, 'लग्नात घेतलं व्हतं का नाही उखाण्यात? तसंच घे. इथंच घे, पोरी. बसलाय तो समोर.'

तिचा बाप खाकरला, एक दीर हसला. त्या बाईने पदर सारखा केला, नजर वर केली नाही, आणि म्हणाली, 'वावरात पऱ्हाटी, पऱ्हाटीले बोंड...' पुढे नाव होतं, ते मी इथे लिहीत नाही, '...चं नाव घेतो, उठा धुवा तोंड.' शेवट तिने उभ्या उभ्या बदलला असणार, लग्नात असं कोण म्हणतं. बाजारातली माणसं रस्त्यात थांबून बघत होती. आणि तो भिंतीपासून उठला, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, 'हाजिर.'

ओट्यावरची ती सगळी लढाई बघून आलेली माणसं जमिनीकडे बघत राहिली. ती धनजच्या गाडीत बसली, तिचा बाप एकटाच आपल्या गावी परत गेला. नागपूर पोळ्यानंतर बघू म्हणून ढकललं गेलं, मग सुगीनंतर, मग त्याचं नावच कोणी काढलं नाही. तो काही बरा झाला नाही. ढोल वाजले की निघून जायचाच. पण घरी राहिला, आणि तिचा हात पुन्हा कधी मोडला नाही.

आणि तुम्ही काय केलंत? पुढच्या बाजाराला उंबरठ्याशी उभे राहून तोच रुबाब, उखाणा घ्या, अंगाला हात लावू नका. अकोल्याचा साहेब आला तेव्हा त्यालाही सांगितलंत, ही आपली पद्धत. आपली! आई आतून चहाचे कप माझ्या हातात देत होती. मी तिच्याकडे रागाने बघितलं तर ती म्हणाली, चालून राह्यलं ना, मग चालू दे. मला तुमच्याइतकाच तिचाही वैताग आला.

माझं लग्न होऊन मी शिरपूरला गेले. मग तुम्हाला उठवायचं कोणी, हा प्रश्न तुम्हाला तेव्हाही पडला नसेल. आईने स्वतःचा उखाणा जुळवला. 'चुलीवर ठेवला चहा, चहात टाकलं आलं, अमुक हवालदाराचं नाव घेतो, उजाडून लय झालं.' माहेरी आले की ऐकायची. आईनेच मला सांगितलं की तुम्ही आधीच जागे असायचात. डोळे मिटून पडून राहायचात, उखाणा पुरता ऐकायचात आणि मग दचकल्याचं सोंग करायचात. एवढा कडक हवालदार. तिला एकदा सांगितलं असतंत की ऐकायला बरं वाटतं, तर काय पदक काढून घेणार होते तुमचं?

त्या सकाळीही मी माहेरीच होते. आई चहा घेऊन उंबरठ्यावर उभी राहिली, उखाणा म्हणाली. तुम्ही उठला नाहीत. 'नाटकं करून राह्यले,' ती माझ्याकडे बघून पुटपुटली आणि पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, तुमच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकून. चहावर साय धरली. मग तिने मला लहानपणीसारखं दंडाला धरून पुढे केलं आणि म्हणाली, बोलाव. मी हाक मारली. नंतर मीच आत गेले आणि तुमच्या गार पायाला हात लावला. तो कधी लावायचा नाही हे तुमच्याकडूनच शिकले होते.

आता हे कुठे पाठवू? घडी करून आईच्या फोटोमागे ठेवते, तीच बघून घेईल. एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही. त्या सकाळी ती दुसऱ्यांदा उखाणा म्हणाली ना, तेव्हा मी तिच्या मागे उभी राहून हसत होते. मलाही वाटलं, तुम्ही जागेच आहात.