‘लागलं तर’चा ढीग

४ फेब्रुवारी

मिळाली परवानगी! मिळाली!!

दुपारचा वर्ग संपवून मेल उघडली तर मोठ्या मॅडमचं उत्तर. सहा महिने कुठूनही काम केलं तरी चालेल. दर महिन्याला वेगळं गाव, वेगळी खोली – सगळं माझं मी ठरवायचं. अट एकच: पहिला महिना परीक्षेचा. माझ्यामुळे एक जरी वर्ग अडला तर मुकाट्याने घरी परत.

अट बरोबरच आहे. शिक्षक बोलतात ते मी ऐकायचं आणि लगेच टाइप करायचं, ऐकू न येणारी मुलं ते पडद्यावर वाचतात. माझं इंटरनेट गेलं की त्यांचे शिक्षक नुसतेच तोंड हलवणार. मॅडमच्या जागी मी असते तर मला परवानगी दिली असती का? बहुधा नाही.

घरी सांगितलं. बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे नोकरी गेली?"

"नाही हो. नोकरी माझ्याबरोबर येणार."

"मग तिचंही तिकीट काढावं लागेल का?"

आई मशीनवर कुणाच्या तरी पडद्याला शिवण घालत होती. म्हणाली, "किती दिवस?" सहा महिने, म्हटलं. तिने दाताने दोरा तोडला. "बरं."

नुसतं बरं! त्या ‘बरं’चा मघापासून अर्थ लावत बसले आहे.

५ फेब्रुवारी

वाईट वाटलं असेल का तिला? विचारलं तर म्हणेल, वाईट कशाला वाटायचंय. म्हणून विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

ऑफिसात एक जण आहे, तिला सगळे ‘भटकी’ म्हणतात. गेली दोन वर्षं एका बॅगेवर जगते. तिला फोन केला – काय काय नेऊ? म्हणाली, "दोन ढीग कर. एक ‘लागणारच’, दुसरा ‘लागलं तर’. मग दुसरा ढीग उचल आणि कपाटात परत ठेव. झालं पॅकिंग!" आणि खो खो हसली. मी नाही हसले.

केले दोन ढीग. ‘लागणारच’मध्ये लॅपटॉप, त्याचा चार्जर, हेडफोन, फोन, कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, अंगावरचे कपडे. आटोपशीर. शहाण्या माणसाचा ढीग.

‘लागलं तर’ पलंगावर मावेना. दुसरा चार्जर – पहिला बिघडला तर. दुसरे हेडफोन. जुना फोन, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम, म्हणजे एकाची रेंज गेली तरी दुसऱ्याचं इंटरनेट. एक्स्टेंशन बोर्ड, कारण खोलीतला सॉकेट नेहमी पलंगामागे असतो असं भटकी म्हणाली. वेगवेगळ्या भोकांसाठी वेगवेगळ्या पिना. कॅमेऱ्यात भिंत घाण दिसली तर मागे लावायला साधी चादर. दोरी. कुलूप. दोन छत्र्या. (दोन का? एक हरवली तर.) गरम पाण्याची पिशवी. उशीचे अभ्रे. शाळेतली कंपासपेटी!! ही कशाला काढली होती ते आता मलाच आठवत नाही.

ऑफिसचे हेडफोन गावाबाहेर नेले तर चालतील का, असं मोठ्या मॅडमना लिहून विचारलं. उत्तर आलं – "अगं, ते कानाला लावायचेत, गावाला नाही." लाज वाटली. पण विचारलेलं बरं.

९ फेब्रुवारी

बाबांनी कुठून तरी बॅग आणली. बॅग कसली, कपाट आहे, चाकं लावलेलं! पाठ धरायच्या आधी बाबा गोदामात हमाली करायचे, आता तिथेच फाटकावर बसतात. सामान पाहिलं की त्यांना चेव येतो. दोन्ही ढीग त्यांनी आत दाबून बसवले, वर गुडघा टेकवला, चेन ओढली आणि मला म्हणाले, "चला साहेब. गच्चीपर्यंत घेऊन जा आणि खाली आणा."

"आत्ता?"

"मग काय, स्टेशनवर मी असणार आहे?"

दुसऱ्या वळणावरच पायरीवर बसले. बॅग मांडीवर की मी बॅगेवर, काही कळेना. शेजारच्या काकू वर चढत होत्या, म्हणाल्या, "सासरी चाललीस की काय?" बाबा खालून ओरडले, "सासर बरं, तिथे दुसरं कुणी तरी उचलतं!"

घरी येऊन बॅग उलटी केली. कंपासपेटी गेली. अभ्रे गेले. एक छत्री गेली. मन जड झालं, बॅग मात्र काही हलकी झाली नाही.

१० फेब्रुवारी

बॅगेचं होईल काही तरी. घराचं काय?

आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. दारातून येणारा प्रत्येक कागद माझ्या हातात येतो – लाइट बिल, दवाखान्याची चिठ्ठी, गल्लीत पाणी येणार नसल्याची नोटीस. सातवीत होते तेव्हापासून. आता हे कोण वाचणार? आज बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर खुणा केल्या. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. आईला दाखवत होते, तर म्हणाली, "अगं, तू शाळेत जायच्या आधीही आम्ही गोळ्या खात होतो."

"पण चुकीच्या खाल्ल्या तर?"

"तर मग तू झाली नसतीस."



१२ फेब्रुवारी

आज रंगीत तालीम. भटकीचीच कल्पना – बॅगेतलं सामान तेवढंच वापरायचं, घरातल्या कशाला हात लावायचा नाही आणि एक वर्ग टाइप करायचा. मी गच्चीवर गेले, पंपाच्या सॉकेटपासून एक्स्टेंशन बोर्ड ओढून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. भूगोलाचा वर्ग. एकदा रेंज गेली, जुन्या फोनने हात दिला. एकही ओळ तुटली नाही! एक्स्टेंशन बोर्ड ‘लागणारच’मध्ये गेला, जुना फोनही. नाचत खाली आले.

आणि दारातच थांबले.

चिंधीचं इथे कधी लिहिलं नाही. लिहायचं कारणच पडलं नाही, इतकी ती आमच्या घरात मुरली आहे. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत माझं टेबल, बाहेरच्या खोलीत आईचं मशीन. वर्ग सुरू करताना मी मधल्या दाराच्या कडीला एक लाल चिंधी अडकवते – कुठल्याशा अस्तराचा तुकडा, आईनेच दिलेला. चिंधी लागली की मशीन बंद. रेडिओ बंद. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद. बाबांना खोकला आला तर ते जिन्यात जाऊन खोकतात.

आज वर जाताना चिंधी सवयीने लावून गेले. खाली आले तर आई मशीनसमोर बसलेली. हात मांडीवर. सुईखाली कुणाची तरी पँट, अर्धी शिवण घातलेली. गिऱ्हाईक येऊन ‘उद्या येते’ म्हणून परत गेलेलं.

"आई! अगं मी गच्चीवर होते! घरात नव्हतेच मी!"

"चिंधी होती ना."

"पण मी वर जाताना तुझ्यासमोरूनच गेले की!"

"चिंधी होती," ती पुन्हा म्हणाली, आणि मग तिला स्वतःलाच हसू आलं. मला नाही आलं.

१३ फेब्रुवारी

नाही जायचं. जी बाई माझ्या रिकाम्या खोलीसाठी गप्प बसते, तिला सोडून मी काय जग बघणार? मोठ्या मॅडमना लिहायला बसले. ‘घरगुती कारणामुळे’ इथपर्यंत आले.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. बाहेर जाऊन आईला काही तरी सांगितलं असावं. आई आत आली, हातातली टेप गळ्यात टाकली. "काय चाललंय?"

म्हटलं, "मी गेले तर तुमचं कसं होणार?"

आई शक्यतो आवाज चढवत नाही. आज चढवला. "आमचं आमचं होईल! तिकीट काढलंय ना? खोली बघितलीस ना? मग आता कसलं सुतक? माझ्या नावावर घरात बसायचं असेल तर सांगते – मला नको!"

‘मला नको’. इतकं लागलं ते! आणि गंमत अशी, की लागलं त्याच जागी जरा हलकंही वाटलं. मेल पुसून टाकली.

१५ फेब्रुवारी

बॅग बंद होते! गुडघा न टेकवता! गरम पाण्याची पिशवी घरीच राहिली, चादरही राहिली, दोरी घेतली. गच्चीपर्यंत जाऊन आले, मध्ये कुठे बसले नाही. बाबा म्हणाले, "पास."

बॅगेचा वरचा कप्पा मी भरला होता, तरी आई पुन्हा उघडून काही तरी आत सरकवताना दिसली. "काय ते?" तर म्हणाली, "‘लागणारच’मधलं आहे. हात लावू नकोस."

१७ फेब्रुवारी

निघाले. आई दारात होती, हातात कात्री. कात्री खाली ठेवायलाही विसरली, तशीच हात हलवत राहिली.

१८ फेब्रुवारी

खोली छान आहे. भिंत स्वच्छ. सॉकेट पलंगामागे!!! एक्स्टेंशन बोर्डाला अक्षरशः हात जोडले.

वरच्या कप्प्यात काय होतं? लाल चिंधी. ती चिंधी राहिलेलीच नाही आता – धुतलेली, इस्त्री केलेली, चारी बाजूंनी तुरपाई केलेली, वर अडकवायला लूप. किती बारीक टाके घातलेत! पलंगावर बसून पोटभर रडले. लेक दूर चालली तर आईने दिलं काय, तर शांतता. ह्याहून मोठं काय देणार कोण!

दाराच्या कडीला लावली. इथे ती बघून कोण गप्प बसणार म्हणा.

१९ फेब्रुवारी

पहिला वर्ग. मध्येच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरनेट जुन्या फोनवर, मी श्वास रोखून. एक ओळ तुटली नाही. मुलांना कळलंसुद्धा नाही की मी अंधारात बसले होते. सुटले!

खोलीवाल्या काकूंनी चिंधीबद्दल विचारलं. म्हटलं, काम चालू असल्याची खूण आहे. म्हणाल्या, "मला वाटलं रुमाल वाळत घातलाय. मघाशी वाळलाय का बघून गेले."

२४ फेब्रुवारी

आई फोन उचलत नाही. तीनदा केला. बरं नाही का तिला? बाबांनी सूर्य-चंद्राची अदलाबदल तर केली नसेल? जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. मागे खड्‌खड्‌खड् – मशीन. बोलता बोलता पाय चालूच! "मशीनवर होते गं, ऐकू आलं नाही. बोल लवकर, गिऱ्हाईक उभं आहे."

लवकर काय बोलणार? "बरी आहेस ना?" एवढंच विचारलं.

"मला काय धाड भरलीय? ठेवू?"

३ मार्च

आज बाबांकडून सगळं कळलं. शेजारच्या शाळेचे गणवेश आईने घेतलेत. बाहेरची खोली निळ्या कापडाने भरली आहे, बाबांना चहा प्यायला जिन्यात बसावं लागतं. "तीन वर्षं नाही नाही म्हणत होती त्यांना," बाबा म्हणाले. तीन वर्षं. माझ्या नोकरीलाही तेवढीच झाली.

आईला फोन द्या म्हटलं. विचारलं, "म्हणून चिंधी पाठवलीस का?"

"म्हणून म्हणजे?"

"मला शांतता मिळावी म्हणून पाठवलीस, असं मला वाटलं होतं."

 मशीन थांबलं. "तुला मिळतेय ना शांतता? मग झालं तर." आणि हसत, "घरात राहिली असती तर माझा पाय उचलला नसता गं. सवय लागली होती. फेकवेना, म्हणून तुझ्याबरोबर दिली."

आणि मी पलंगावर बसून पोटभर रडले होते!

मीही हसले. दोघी हसत सुटलो. बाबा मागून विचारत होते, काय झालं, काय झालं. एवढे दिवस छातीवर ती कपाटाएवढी बॅग घेऊन हिंडत होते, ती आज कुणी तरी उतरवून घेतली. मी घर सोडून आले नव्हते. घर मोकळं करून आले होते.

४ मार्च

तरी तुरपाई इतकी बारीक का घातली असेल? जे घालवायचं त्याला कुणी लूप लावतं का?

१८ मार्च

पास! मोठ्या मॅडमचं एका ओळीचं उत्तर – "पुढचं गाव कुठलं?" लगेच घरी फोन लावला. बाबांनी उचलला. मी ओरडले, "बाबा, महिना झाला! एकही वर्ग अडला नाही!"

"हळू बोल, हळू!" बाबा कुजबुजत होते. जिन्यातून बोलत असावेत, आवाज घुमत होता. "आईचं कटिंग चालू आहे. खडूची रेघ हलते म्हणे."

"पण तुम्ही कुजबुजता कशाला? जिन्यात बोललात म्हणून रेघ हलणार आहे का?"

"मला नको शिकवू," बाबा आणखी हळू म्हणाले. "निळी चिंधी लागली आहे दाराला."